तलावात काय बघायचं? आधी चिखल बघा

मंडळी, आपल्या नागपूरच्या माणसाला जंगल म्हटलं की ताडोबा नाहीतर पेंच, आणि जिप्सीतून उतरल्यावर पहिला प्रश्न एकच, वाघ दिसला का! आज मी तलावाबद्दल बोलणार आहे, त्यातही पाण्याबद्दल कमी आणि काठच्या चिखलाबद्दल जास्त. नवा माणूस दुर्बीण थेट मधल्या पाण्यावर लावतो अन् पायाजवळच्या गाळात काय चाललंय ते त्याला दिसतच नाही.

जानेवारीत पारडगावच्या तलावावर जायचं तर उजाडायच्या आत पोचा. पट्टकदंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात ते हंस, मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात, 7,000 मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद आहे. तिथे हवा विरळ, पण यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं म्हणून जमतं. इथे आल्यावर रात्री शेतात शिरून कोवळं पीक चरायचं (शेतकरी वैतागतो, साहजिकच आहे) आणि दिवसा पाण्याकाठी पडून राहायचं. त्यामुळे तर्री-पोहे खाऊन दहाला गेलात तर झोपलेले पक्षी बघाल.

आता काठ. ओल्या गाळात तुतारी नावाचा छोटा पक्षी चोच खुपसत फिरतो, घोटाभर पाण्यात लांब लाल पायांचा शेकाट्या, थोडं पुढे थापट्या बदक चपट्या चोचीने पाणी गाळत जातं, बुड्या मारणारी बदकं आणखी आत. ज्याची जेवढी चोच आणि जेवढे पाय, तेवढ्या पाण्यात तो उभा. मुग्धबलाक या करकोच्याची चोच मिटली तरी मधे फट राहते, लोकांना वाटतं तो त्यात गोगलगाय फोडतो. फोडत नाही हो! शंख दाबून धरतो, खालच्या चोचीचं टोक झाकणाच्या आत सरकवतो, मांस सोडवून ओढून घेतो, आणि रिकामा शंख बरेचदा अख्खाच पडलेला असतो. पुढच्या वेळी काठावर वाकून बघा, सापडेल.

मधेच मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी गवतावरून खालून खालून येतो आणि सगळे वारकरी पक्षी फडफडत मधल्या पाण्याकडे पळतात. विरोळा, म्हणजे पाणसाप, दिसला तर ओरडू नका, बिनविषारी आहे, बेडकं अन् मासे खातो.

भंडारा-गोंदियाचे जुने मालगुजारी तलाव, म्हणजे जमीनदारीच्या काळातले, कोहळी लोकांनी बांधलेले, नवेगाव बांध त्यातलाच, हे मुळात धानासाठी. पाणी शेताला सोडत गेले की काठ मागे सरतो आणि रोज नवा चिखल उघडा पडतो, तोही नेमका पाहुणे पक्षी येतात त्याच दिवसांत. शहरात आपण काय करतो? सुशोभीकरण! चारी बाजूंनी दगडी भिंत, वर वॉकिंग ट्रॅक, म्हणजे भिंतीलाच खोल पाणी लागतं, मग तुतारीने उभं कुठे राहावं सांगा. बरं, लाइटिंग मात्र झकास असतं.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते, महागड्या लेन्सच्या मागे लागू नका, एकाच जागी दोन तास बसा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालू आहे, त्यात नाव द्या, जुन्या लोकांबरोबर ओळख पटकन पक्की होते.

आता प्रश्न विचारा. फक्त गोंदियाला सारसाचं घरटं नेमकं कोणाच्या धानात आहे ते विचारू नका, लोकेशन मी देत नसतो, नाहीतर पावसाळ्यात बांधावर कॅमेरेवाल्यांची रांग लागते आणि पीक तुडवलं जातं त्या शेतकऱ्याचं.