बारा वाजून आठ मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या गावात क्रांती झाली होती की नव्हती? सोळा वर्षांनंतर हा वाद घालायला तिघंजण एका लहानशा टीव्ही स्टुडिओत बसतात, आणि त्यावर जवळजवळ अर्धा सिनेमा उभा राहतो. दिग्दर्शक कॉर्नेलिउ पोरुंबोयु यांचा हा रुमानियन चित्रपट, ‘१२:०८ ईस्ट ऑफ बुखारेस्ट’. पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ हा पुरस्कार त्याला २००६ साली कान महोत्सवात मिळाला.

२२ डिसेंबर १९८९ रोजी दुपारी बारा वाजून आठ मिनिटांनी रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कु हेलिकॉप्टरमधून राजधानी सोडून पळाला. निवेदकाचा हिशेब साधा आहे. बारा वाजून आठ मिनिटांच्या आधी कुणी चौकात उतरलं असेल तर ती क्रांती. नंतर उतरले ते नुसते बघे.

पाहुणे कोण, तर गळ्यापर्यंत कर्जात बुडालेले, दारुडे इतिहासाचे मास्तर मानेस्कु आणि दरवर्षी सांताक्लॉज होणारे पेन्शनर पिस्कोची. बाकीच्यांनी ऐनवेळी नकार दिलेला. मास्तर सांगतात, मी आणि माझे सहकारी आधीच चौकात होतो. मग फोन खणखणू लागतात. चौकातला त्या वेळचा पहारेकरी म्हणतो, तिथे चिटपाखरू नव्हतं. गुप्त पोलिसातला जुना माणूस आता कारखानदार झालाय, तो अब्रूनुकसानीच्या खटल्याची धमकी देतो. मास्तरांच्या बाजूने बोलतो तो एकटा चिनी दुकानदार, ज्याला मास्तरांनी आदल्याच रात्री पिऊन शिव्या घातल्या होत्या! रेडिओ ऐकणाऱ्यांना हा भाग जास्तच भावेल, कारण या बोलणाऱ्यांपैकी कुणाचाच चेहरा दिसत नाही. शिवाय कॅमेरामन इतका नवखा की समोर बसलेल्यांचे चेहरेही धड चौकटीत येत नाहीत.

हसता हसता मी थबकलो तो शेवटच्या फोनला. एक आई बोलते. तिचा मुलगा २३ डिसेंबरला मारला गेला. म्हणजे हेलिकॉप्टर उडून गेल्यावर. प्रत्यक्षातही तसंच झालं होतं: रुमानियात त्या दिवसांत हजारावर माणसं मेली आणि त्यातली बहुतेक २२ तारखेच्या दुपारनंतरच्या गोळीबारात. निवेदकाच्या घड्याळात या मुलाला जागाच नाही. दिग्दर्शक मात्र हे बोलून दाखवत नाही, आणि बरंच करतो.

तिघांत मला सर्वांत प्रामाणिक वाटले पिस्कोची. सगळा कार्यक्रमभर ते कागदाच्या होड्या करत बसतात. निवेदक चिडतो, तरी यांचे हात थांबत नाहीत. बोलायची पाळी आल्यावर ते सांगतात, त्या सकाळी बायकोशी भांडण झालं होतं. तिची समजूत काढायची होती. तेवढ्यात टीव्हीवर चाउशेस्कु पळालेला दिसला. मग बायकोला आपणही शूर वाटावं, म्हणून ते चौकाकडे निघाले.