तो मोबाइल कुणाच्या हातात होता?

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. तिळगूळ हातात असताना गोडच बोलावं, हे मला कळतं. पण दिवाळीत लातूरला गेले होते. तिथं माझी लेक तिच्या मामाला एक वाक्य बोलली आणि ते काही केल्या मनातून जात नाही.

रात्री गच्चीवर बसलो होतो. बोलणं नेहमीसारखं किल्लारीच्या भूकंपावर गेलं. अनंत चतुर्दशीची रात्र, ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, माळवदाच्या मातीखाली गेलेली माणसं. आमचं गाव औशाजवळचं. घर उभं राहिलं, पण आत झोपायचा धीर कुणाला? दोन महिने अंगणातच काढले. भाऊ म्हणाला, "आम्ही एवढं बघितलं, तरी सावरलो. ह्याला काय झालंय? कोरोनात घरातच तर बसून होता."

'हा' म्हणजे माझा भाचा. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी 'नीट' परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचला आहे. दार लावून घेतो, ताट दाराशी ठेवावं लागतं. त्यावरून भाऊ-वहिनीचं रोज वाजतं.

तेव्हा लेक म्हणाली, "मामा, तुम्ही सगळे मिळून घाबरलात. आजी शेजारी होती तुमच्या. दादा एकटाच घाबरला."

भाऊ गप्प झाला. मी तर त्याच्याही आधी गप्प झाले होते.

मे २०२१ मध्ये आई गेली. मला जाणं झालं नाही. इथं बसलेल्या कितीतरी जणांसारखं तिचं शेवटचं दर्शन मी व्हिडिओ कॉलवर घेतलं. तो मोबाइल भाच्यानं धरला होता. सोळा वर्षांचं लेकरू, मास्क लावून लांब उभं, हात थरथरत होते. आणि मी इकडून ओरडत होते, "बाळा, नीट धर ना, काही दिसत नाही." पुढं इतक्या वर्षांत मी त्याला मार्क विचारले, रँक विचारली. त्या दिवशी तू काय बघितलंस, हे एकदाही विचारलं नाही. तुमच्यासाठी तो मोबाइल कुणी धरला होता, आठवतं?

त्याच वर्षी दहावीची परीक्षा रद्द झाली. पोरानं अख्खं वर्ष बापाच्या मोबाइलवर, रेंजसाठी गच्चीच्या कोपऱ्यात बसून काढलं होतं. आणि आपण त्या पोरांना 'कोरोना बॅच' म्हणून हसलो. आपल्या मंडळाच्या ग्रुपवरही ते विनोद फिरले. मीही पुढं पाठवले. चुकलंच माझं.

साथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे विकार २५ टक्क्यांनी वाढले, तरुणांना त्याची झळ जास्त बसली, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं होतं. मी तेव्हा वाचलं होतं. त्या आकड्यात आपल्या घरचं कुणी असेल, हे मनात आलं नाही.

आपण मराठवाड्याची माणसं. सोसण्याचा आपल्याला केवढा अभिमान! २०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाही हंड्यांच्या रांगेत भांडलो, पण रांगेत बरोबर होतो. म्हणून लेकरू 'छातीत धडधडतंय' म्हणालं की आपण सांगतो, पहाटे उठत जा. डॉक्टरकडं न्यायचं नाव काढलं तर वहिनी म्हणाली, "कुणी बघितलं म्हंजे?" इथं राहून आपणही हेच म्हणतो. २०२२पासून 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तो मी भाच्याला पाठवला. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही आलं.

लेक बोलली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून भाऊ गच्चीवर दोन अंथरुणं टाकायला लागला. कुणाला काही बोलला नाही. दोन रात्री भाचा वर आला, बापाशेजारी झोपला. तिसऱ्या रात्री आला नाही. आता थंडीमुळं अंथरुणं खाली हॉलमध्ये आलीत. काल वहिनीला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "दुसरं अजून टाकतात रोज."