पॅनकार्ड, पेन्सिल आणि १०० प्रश्न

[दृश्य : मोहोपाडा, रायगड जिल्हा. डोंगरांच्या पार्श्वभूमीवर संस्थेची इमारत.]

पाताळगंगेच्या परिसरातली ही इमारत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्सची. सगळे तिला एनआयएसएम म्हणतात. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने २००६ मध्ये ही संस्था उभी केली. शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांच्या व्यवसायात पाऊल ठेवणाऱ्यांच्या परीक्षा ती घेते. त्यातली ‘सिरीज फाइव्ह-ए’ म्हणजे म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा. आधी फंडांची संघटना ॲम्फी ही परीक्षा घेत असे. १ जून २०१० पासून ती एनआयएसएमकडे आली.

१०० प्रश्न, १०० गुण, दोन तास. उत्तीर्ण व्हायला ५० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

या शेवटच्या दोन अटींमुळेच ही परीक्षा सोपी समजली जाते आणि तयारीला तिथूनच कीड लागते.

[दृश्य : झेरॉक्सचं दुकान. वर्कबुकची पानं यंत्रातून बाहेर येताना. स्पायरल बाइंडिंग.]

हे वर्कबुक संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. १२ प्रकरणं आहेत. प्रश्न याच पुस्तकावर बेतलेले असतात. छापून घेण्याआधी मुखपृष्ठावर आवृत्तीचा महिना आणि वर्ष पाहायचं, आणि परीक्षेच्या तारखेला तीच आवृत्ती लागू आहे ना, हे संकेतस्थळावर तपासायचं. यात आळस केला, तर पुढचा सगळा अभ्यास वाया जाऊ शकतो.

[दृश्य : जुन्या प्रश्नसंचाची पिवळी पडलेली पानं. पेन्सिलीने खोडलेली उत्तरं.]

कारण हा विषय नियमांचा आहे आणि नियम बदलतात. हातोहात फिरणाऱ्या या संचात उत्तर दिलंय : युनिट, म्हणजे फंडातला हिस्सा, विकल्यावर पैसे १० कामकाजाच्या दिवसांत मिळतात. इक्विटी, म्हणजे शेअर्समध्ये गुंतवणाऱ्या, योजनांसाठी ती मुदत २०२३ पासून ३ दिवसांवर आली. पुढच्या पानावर इक्विटी फंडाच्या अल्प मुदतीच्या नफ्यावर १५ टक्के कर लिहिलाय. २३ जुलै २०२४ पासून तो २० टक्के झाला. दीर्घ मुदतीचा कर १० वरून १२.५ टक्क्यांवर गेला, आणि करमुक्त नफ्याची मर्यादा १ लाखावरून सव्वा लाखावर. कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या डेट फंडाचं तर गणितच बदललं : १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या युनिटवरचा नफा उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे करपात्र. योजनेची जोखीम दाखवणाऱ्या रिस्कोमीटरवरचे पाच टप्पे जाऊन सहा झाले, त्यालाही आता काही वर्षं झाली.

असा संच तोंडपाठ करणारा उमेदवार चुकीची उत्तरं पूर्ण आत्मविश्वासाने देतो. प्रश्नसंच सोडवायला हवेतच, पण वर्कबुक एकदा सलग वाचून झाल्यावर. आणि प्रत्येक चुकलेलं उत्तर वर्कबुकातल्या पानाशी लावून पाहायचं, संचाच्या मागे छापलेल्या यादीशी नाही.

[दृश्य : फळ्यावर आकृती. स्पॉन्सर, ट्रस्टी, एएमसी, कस्टोडियन, रजिस्ट्रार.]

पहिली काही प्रकरणं रचनेची. म्युच्युअल फंड हा ट्रस्ट असतो. पैसे गुंतवण्याचं काम एएमसी, म्हणजे फंड चालवणारी कंपनी, करते, रोखे कस्टोडियनकडे राहतात, गुंतवणूकदारांच्या नोंदी रजिस्ट्रार ठेवतो. हे सगळ्यांना आठवतं. गोंधळ होतो तो आकड्यांत. ट्रस्टींपैकी दोन तृतीयांश स्वतंत्र हवेत, एएमसीच्या संचालकांपैकी निम्मे. एका योजनेत किमान २० गुंतवणूकदार हवेत आणि एकाकडे २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा नको. बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप, २५१ पासून पुढे स्मॉल कॅप. लार्ज कॅप फंडाने किमान ८० टक्के पैसे आपल्या वर्गात ठेवायचे, मिड आणि स्मॉल कॅप फंडाने ६५ टक्के. हे आकडे एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून काढावेत. पर्यायांमध्ये नेमका शेजारचा आकडा ठेवलेला असतो.

[दृश्य : भिंतीवरचं घड्याळ, २ वाजून ४५ मिनिटं. अर्जावर वेळेचा शिक्का पडताना, जवळून.]

आता हा शिक्का. नवव्या प्रकरणातला, गुंतवणूकदार सेवांचा भाग. तयारीचा सर्वांत जास्त वेळ या प्रकरणाला द्यावा.

इक्विटी योजनेची कट-ऑफ वेळ, म्हणजे त्या दिवसाचा भाव मिळण्याची शेवटची वेळ, दुपारी ३. अर्ज गुरुवारी पावणेतीनला आला. मग गुरुवारची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, मिळणार का? बहुतेक जण ‘हो’ वर टिचकी मारतात. पण फंडाच्या खात्यात पैसे जमा झाले शुक्रवारी सकाळी ११ वाजता. मिळणार शुक्रवारची एनएव्ही. १ फेब्रुवारी २०२१ पासून रक्कम कितीही असो, कट-ऑफपूर्वी पैसे फंडाच्या हातात पडले का, हेच पाहिलं जातं.

अगदी अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या लिक्विड फंडाचं याहून वेगळं. तिथे कट-ऑफ दुपारी दीड, आणि अर्ज व पैसे दोन्ही त्याआधी पोहोचले तर आदल्या दिवशीची एनएव्ही लागते. सोमवारी पैसे वेळेत आले तर रविवारची. सुट्टीच्या दिवशी एनएव्ही कशी, म्हणून उमेदवार शुक्रवार निवडतात. लिक्विड फंडाला व्याज रोजच मिळत असतं, त्याची एनएव्ही रविवारीही असते. हे कारण समजलं की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

[दृश्य : वहीवर पेन्सिल. एकेक ओळ लिहिली जाताना.]

गणितं अवघड नाहीत, पायरी चुकते. एनएव्हीपासून सुरुवात करू. रोख्यांचं बाजारमूल्य १०० कोटी, येणं २ कोटी, देणं १ कोटी. राहिले १०१ कोटी. युनिट ५ कोटी. एनएव्ही २० रुपये २० पैसे. इथे येणं मिळवायचं विसरतात, किंवा देणं वजा करायचं.

पुढचं पान एक्झिट लोडचं, म्हणजे लवकर विकल्यास कापल्या जाणाऱ्या रकमेचं. एनएव्ही ५० रुपये, वर्षाच्या आत विकलं तर लोड १ टक्का. एसआयपीतून, म्हणजे ठरावीक हप्त्यांनी, १,००० युनिट जमले आणि सगळे एकदम विकले. ६०० युनिटना वर्ष उलटलंय, ४०० ना नाही. पहिले ६०० पूर्ण ५० रुपयांनी, म्हणजे ३०,०००. उरलेले ४०० साडेएकोणपन्नासने, म्हणजे १९,८००. एकूण ४९,८००, एसटीटी, म्हणजे व्यवहारावरचा कर, बाजूला ठेवून. सरसकट लोड लावणाऱ्याचं उत्तर ४९,५०० येतं, आणि ते पर्यायांत हमखास असतं. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी आहे. कर वाचवणाऱ्या ईएलएसएस योजनेत पैसे अडकून राहण्याची तीन वर्षांची मुदतही तशीच, हप्त्यागणिक मोजायची.

मुद्रांक शुल्कही पाहून घ्या : खरेदीवर ०.००५ टक्के. १ लाखावर ५ रुपये. एनएव्ही २० असेल तर युनिट ५,००० नाही, ४,९९९.७५ मिळतात.

आता परतावा. १०,००० चे दोन वर्षांत १४,४०० झाले. एकूण वाढ ४४ टक्के. तिला दोनने भागून २२ लिहिलं की गुण गेला. चक्रवाढीने पाहा : १०,००० चे १२,०००, १२,००० चे १४,४००. सीएजीआर, म्हणजे वार्षिक चक्रवाढ दर, २० टक्के.

आणि जोखीम. एका फंडाचा परतावा १४ टक्के, प्रमाण विचलन, म्हणजे परताव्यातल्या चढ-उताराचं माप, १६. दुसऱ्याचा परतावा १२, विचलन १०. जोखीममुक्त दर ६. परताव्यातून हा दर वजा करून विचलनाने भागलं की शार्प गुणोत्तर : पहिल्याचं ८ भागिले १६, म्हणजे ०.५; दुसऱ्याचं ६ भागिले १०, म्हणजे ०.६. घेतलेल्या जोखमीच्या मानाने दुसरा फंड सरस. ट्रेनर गुणोत्तरात भागाकार बीटाने, म्हणजे बाजाराच्या मानाने फंड किती हलतो त्या आकड्याने, होतो. या दोघांची अदलाबदल ही नेहमीची चूक.

ही पेन्सिल आम्ही इतका वेळ दाखवली, कारण खरी तयारी इथेच होते. अशी प्रत्येक प्रकारची पाच-सहा गणितं कागदावर सोडवली की परीक्षेत हात थबकत नाही.

[दृश्य : परीक्षा केंद्राचं दार. रांग. ओळखपत्रांची तपासणी.]

केंद्रावर हॉल तिकिटासोबत मूळ पॅनकार्ड लागतं. झेरॉक्स चालत नाही. नोंदणी करताना नाव पॅनवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, भरायचं. लग्नानंतर बदललेलं आडनाव किंवा वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही दारात अडचण येते. तारीख ठरवण्याआधी हे जुळवून घ्यावं.

[दृश्य : संगणकांच्या रांगा. पडद्याच्या कोपऱ्यात उलटी मोजली जाणारी वेळ.]

एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. पहिल्या फेरीत माहितीचे प्रश्न उरकावेत आणि आकडेमोडीचे खूण करून मागे ठेवावेत. ‘खालीलपैकी कोणतं विधान चूक आहे’ असा प्रश्न दोनदा वाचावा. शेवटी एकही प्रश्न कोरा सोडू नये, इथे त्याचा तोटा नाही. मात्र हीच सवय घेऊन इक्विटी डेरिव्हेटिव्हजच्या सिरीज आठला बसू नये. तिथे ६० गुण लागतात आणि चुकीला पाव गुण जातो.

पेपर जमा करताच गुण पडद्यावर येतात. नापास झालं तर फी भरून पुन्हा बसता येतं.

[दृश्य : खरेदीचा अर्ज. वरच्या कोपऱ्यातले रकाने, जवळून. टेबलापलीकडे एक वृद्ध जोडपं.]

प्रमाणपत्रानंतर ॲम्फीकडे केवायडी, म्हणजे वितरकाची ओळखपडताळणी, आणि नोंदणी. मग मिळतो एआरएन, म्हणजे वितरकाचा क्रमांक, आणि ईयूआयएन, म्हणजे समोर बसून व्यवहार करणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक. अर्जावरचे हे दोन रकाने त्यांचेच. ५० गुणांवर पास झालेल्याला आणि ९० गुण मिळवणाऱ्याला हे क्रमांक सारखेच मिळतात. टेबलापलीकडच्या माणसाला त्यातला फरक अर्जावरून कळत नाही.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. ती संपण्याआधीच्या १२ महिन्यांत सीपीई, म्हणजे उजळणीचा अभ्यासक्रम, पूर्ण केला की मुदत वाढते. तारीख उलटून गेली, तर पुन्हा सिरीज फाइव्ह-ए, आणि त्या वेळी लागू असलेलं नवं वर्कबुक.