एक्का-राजा हातात आल्यावर

(सदाशिव पेठेत एका रविवारी संध्याकाळी पत्त्यांच्या शौकिनांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांचे हात ब्रिज, रमी आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या मेंढीकोटावर तयार झालेत. म्हणूनच एक्का-राजापासून सुरुवात करतो. मेंढीकोटात एक्का आणि राजा एकत्र आले की आपण मनातल्या मनात हात मोजायला लागतो. एक्का टाकला की हात आपला, ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली असते. पोकरमध्ये हीच सवय सगळ्यात जास्त नडते.

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात. मग टेबलावर तीन पानं उघडी पडतात, तो फ्लॉप. त्यानंतर एक आणि शेवटी आणखी एक. या सातांतून उत्तम पाच निवडायची. आज आपण फ्लॉपच्या आधीच थांबणार आहोत, तेही जोडी नसलेल्या मोठ्या पानांपाशी: एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी. यातलं काहीही हातात आलं, तरी त्या क्षणी तुमच्याकडे जुळलेलं काही नसतं. समोर कुणाकडे दुर्रीची जोडी असेल, तर ती तुमच्या एक्का-राजाच्या पुढे आहे. पाचही पानं पडेपर्यंत गेलात तर शंभरातले साधारण ५३ डाव त्या दुर्र्या जिंकतील. अर्थात तो फरक थोडा आहे. तुमच्या दोन पानांपैकी एकाची तरी जोडी फ्लॉपवरच लागण्याची शक्यता ३२ टक्के आहे. म्हणजे तीनपैकी दोन वेळा फ्लॉप तुम्हाला तसाच सोडून जातो.

मग ही पानं बलवान का म्हणायची? मला मनापासून वाटतं, की हे नीट समजलं तर अर्धा पोकर समजला. म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

५२ पानांतून दोन पानांच्या १३२६ जोडगोळ्या होतात. एक्का-राजाच्या त्यातल्या १६, कारण चार एक्के गुणिले चार राजे. एक्क्यांच्या जोडीच्या सहा, राजांच्या जोडीच्या सहा. आता हे बघा, मी इस्पिकचा एक्का आणि बदामचा राजा स्वतःकडे घेतो. उरले तीन एक्के. त्यांच्यातून जोड्या किती होतात? किलवर-बदाम, किलवर-चौकट, बदाम-चौकट. तीनच. राजांचंही तसंच. ज्या बारा जोड्यांना मी घाबरायला हवं, त्या माझ्या हातातल्या दोन पानांनी सहावर आणल्या. अजून काहीच घडलेलं नाही, तरी समोरच्याची सगळ्यात मोठी पानं मी निम्मी केली आहेत. ब्रिजवाल्यांना हे पटकन पटेल, कारण आपल्या हातातली पानं बघून दुसऱ्याकडे काय नाही हे ते रोजच मोजतात.

आता एक डाव मांडतो. आमच्या कोथरूडच्या बैठकीत आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी केली आहे, आणि आपल्या राज्यात १८८७ चा जुगारविरोधी कायदा आहेच. शिवाय चिंचोक्यांनी गणित स्वच्छ दिसतं. दोघांना पानं बघण्याआधीच चिंचोके घालावे लागतात, ते ब्लाइंड: स्मॉल ब्लाइंड एक, बिग ब्लाइंड दोन. समोरच्याने पाचला रेज केलं, म्हणजे बोली पाचवर नेली, तुम्ही बटनवर, म्हणजे पानं वाटणाऱ्याच्या जागेवर आहात, दोघांकडे पन्नास-पन्नास चिंचोके आहेत आणि तुमच्याकडे वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा. तुम्ही पन्नासचे पन्नास पुढे सरकवता. ब्लाइंडवाले पानं टाकतात, म्हणजे डाव सोडतात. समोरचा सावध आहे, तो एक्के, राजे, राण्यांच्या जोड्या किंवा स्वतः एक्का-राजा असेल तरच कॉल करेल, म्हणजे तेवढेच चिंचोके घालेल. त्या पानांपुढे तुमचा जिंकण्याचा वाटा साधारण ३९ टक्के पडतो. पॉट, म्हणजे मधला सगळा ढीग, १०३ चा, त्यातले ४० तुमचे, म्हणजे प्रत्येक कॉलमागे दहा गेले. पण तो पाचला रेज करतो ती पानं याहून कितीतरी जास्त असतात. दहातून आठ वेळा तो फोल्ड करेल, म्हणजे पानं टाकेल, असं धरू. आठ वेळा पॉटमधले आठ-आठ (त्याचे पाच आणि ब्लाइंडचे तीन) मिळाले, झाले ६४. दोन वेळा दहा-दहा गेले. दहा डावांत ४४ चिंचोके हाती राहिले.

आता तोच माणूस, तीच पानं, फक्त क्रम उलटा. त्याने आधीच पन्नास पुढे केले, त्याच सावध पानांवर, आणि तुम्हाला कॉल करायचा आहे. पन्नास घालून १०३ मधला वाटा मागताय, तर निदान साडेअठ्ठेचाळीस टक्के हवेत. तुमच्याकडे ३९. दर वेळी दहा चिंचोके देऊन उठाल. एक्का-राजा तोच आहे, फरक कुणी आधी बोललं याचा आहे. जी पानं अजून जुळलेली नाहीत, त्यांची निम्मी कमाई समोरच्याने पानं टाकण्यातून येते, आणि कॉल करणाऱ्यासमोर कुणी पानं टाकत नाही.

(एका श्रोत्याने विचारलं: मग नुसता कॉल करून समोरच्याला गाफील का ठेवू नये?)

एक्क्यांची जोडी असेल तर कधीतरी ठेवा, ती आधीच जुळलेली आहे. एक्का-राजा घेऊन गप्प बसलात तर मागचे तिघे-चौघे स्वस्तात आत येतात. मग फ्लॉप कुणालातरी लागतोच, आणि तीनपैकी दोन वेळा तो तुम्हाला लागत नाही.

आता एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी. ही एक्का-राजाची भावंडं दिसतात, म्हणून लोक त्यांना तसंच वागवतात. इथे मला कळकळीने सांगायचंय, की हे करू नका. एक्का-राजासमोर एक्का-राणीचा वाटा साधारण २६ टक्के. त्याच एक्का-राजासमोर एका रंगाचे गुलाम-दश्शी घ्या, त्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास जातो. दिसायला लहान पानं जास्त बरी ठरतात, कारण त्यांची जोडी लागली की ती त्यांचीच असते. एक्का-राणीला एक्का लागला तर तो समोरच्यालाही लागतो, आणि बाजूचं पान त्याचं मोठं असतं. याला आम्ही पान दबणं म्हणतो. मघाच्या सावध माणसाच्या पानांपुढे एक्का-राजा ३९ टक्के होता, एक्का-राणी जेमतेम २५ राहते.

आमच्याच बैठकीत मी बिग ब्लाइंडवर एक्का-राणी घेऊन बसलो होतो. पहिल्या जागेवरून, नऊ जणांच्या टेबलावर, तासाभरात एकदाही न खेळलेल्या गृहस्थांनी रेज केलं. मी कॉल केला. फ्लॉप आला राणी, सत्ती, तिर्री. याहून चांगला फ्लॉप कसा येणार? शेवटच्या पानापर्यंत मी चिंचोके घालत राहिलो आणि त्यांनी राजांची जोडी उलटली. चूक राणी लागल्यानंतरची नव्हती. ज्याच्यामागे आठ जण बोलायचे आहेत आणि तरी जो रेज करतो, त्याला एक्का-राणीने कॉल केला, तिथेच ती झाली. तेव्हापासून अशा माणसासमोर मी ती पानं टाकतो. तीच पानं बटनवर असतील आणि आधी कुणी बोललेलं नसेल, तर एक्का-राणीच काय, एक्का-गुलाम आणि राजा-राणीवरही बिनधास्त रेज करतो.

पानं एका रंगाची असली तर? थोडा फायदा, लोक समजतात त्याहून कमी. राण्यांच्या जोडीसमोर वेगळ्या रंगांच्या एक्का-राजाचे ४३ टक्के, एका रंगाच्यांचे ४६. फ्लॉपवरच पाचही पानं एका रंगाची होणं हे एक टक्क्याच्याही आत.

आज घरी गेल्यावर एक्का आणि राजा बाजूला काढून ठेवा. उरलेली ५० पानं पिसा, वरची तीन उघडा, बघा, परत मिसळा. असं पन्नास वेळा करा आणि एक्का किंवा राजा किती वेळा दिसला ते कागदावर मांडा. आकडा सोळाच्या आसपास येईल. उरलेल्या चौतीस वेळा तो फ्लॉप डोळ्यांसमोर धरून बसा आणि विचारा, की मी आधी रेज केलं असतं तर समोरचा इथपर्यंत आला असता का.