बारा गुणिले अठरा

[पडद्यावर: बेळगावातली उद्यमबाग, कारखान्यांची वसाहत. पाळी सुटलेली. मोटरसायकली, जेवणाचे डबे, फाटकाबाहेर चहाचा गाडा.]

उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात कुठलीही वस्तू द्या, तो आधी तिचं वजन घेतो. आमच्या दाजींनी कॉम्प्युटरच्या दुकानात तेच केलं. पॉवर सप्लायचा, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "ह्यात माल काय न्हाई." दुकानदार हसला. मी कॅमेरा धरून उभा होतो. खरं सांगतो, मलाही हसू आलं.

कॉम्प्युटर हवा होता माझ्या भाचीला. घर अनगोळात, डिप्लोमाचं दुसरं वर्ष. बेळगावात शिवजयंती वैशाखात, आणि चित्ररथ निघाले की रात्र संपते, मिरवणूक संपत नाही. आपल्या गल्लीच्या चित्ररथाचं चित्रण ही पोरगी मोबाईलवर करते आणि जोडतेही मोबाईलवरच. जोडता जोडता मोबाईल इतका तापतो की ती तो ओल्या फडक्यावर ठेवते. भिशीचे ४० हजार हातात आले आणि तिनं जाहीर केलं, "मामा, लॅपटॉप नको. भाग आणून मीच जोडणार."

[गणपत गल्ली, संध्याकाळ. गर्दीतून वाट काढणारी मायलेकी.]

पहिला सल्ला घरातूनच आला: कोल्हापूरला जा, तिकडं स्वस्त. सीमेवरच्या माणसाला पलीकडचं नेहमी स्वस्त वाटतं, आणि कधीकधी ते असतंही. पेट्रोल भरायला तिकडची मंडळी कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीकडे येतात, ती काय हौसेनं? पण कॉम्प्युटरच्या भागांवर जीएसटी १८ टक्के, इकडे तेवढाच आणि तिकडेही तेवढाच. राहिला दुकानदाराचा नफा. त्यातले पाचशे वाचवायला शंभरेक किलोमीटर जायचं, आणि मदरबोर्ड बिघडलेला निघाला तर तेवढंच पुन्हा. भाचीनं तो विषय एका वाक्यात मिटवला: "बिल बेळगावचंच पायजे."

पहिल्या दुकानातलं कोटेशन मी जपून ठेवलंय. सगळ्यात वर काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे चार पंखे. त्याखाली इंटेलचा कोअर आय-३, १२१०० एफ. कागदावर सगळं चोख दिसत होतं. भाची मात्र त्या 'एफ'वर बोट ठेवून बसली. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असला की पडद्यावर चित्र काढणारा भाग त्यात चालू नसतो. वेगळं ग्राफिक कार्ड घ्यावंच लागतं. आणि कोटेशनमध्ये कार्ड कुठेच नव्हतं! पंखे फिरले असते, दिवे लागले असते, पडदा काळाच राहिला असता. मग आठ दिवसांनी कार्ड घ्यायला त्याच दुकानात. दुकानदार लबाड होता असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक काच बघतं, म्हणून तोही काच वर लिहितो.

तिनं निवडला एएमडीचा रायझन ५, ५६०० जी. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि चित्र काढायची सोय आतच. सगळ्यात नवा नव्हे, २०२१ सालचा. पण त्याचं एएम-४ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, इतकी वर्षं चाललंय की त्याला बसणारे साधे मदरबोर्ड बाजारात भरपूर. एवढंच की जुन्या साठ्यातला बोर्ड असेल तर त्याच्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅमला, हा प्रोसेसर ओळखूच येत नाही. त्यासाठी खोक्यावर 'रायझन ५००० रेडी'ची चिकटपट्टी आहे का ते पाहायचं. नसेल तर दुकानातच बायोस नवा करून घ्यायचा, घरी आणून डोकं धरून बसायचं नाही.

रॅमनं, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीनं, मात्र गणित बिघडवलं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. चिप करणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरकडे वळला आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला तुटवडा आला. कोटेशनच्या खाली पेनानं लिहिलं होतं: भाव आजचाच. भाजी मंडईतलं हे वाक्य कॉम्प्युटरच्या दुकानात मी पहिल्यांदाच वाचलं.

[टिळकवाडी. जुन्या मशिनींचे भाग विकणारं दुकान. टेबलावर उघडे मदरबोर्ड, स्क्रूंची वाटी.]

इथं भाचीनं जुना माल घेतला. कुठल्याशा ऑफिसातल्या मशिनीतून काढलेल्या डीडीआर-४ च्या दोन रॅम, आठ-आठ जीबीच्या. जुनं घ्यायचंच तर रॅम घ्यावी, असं माझंही मत झालंय. तिच्यात हलणारं, झिजणारं काही नाही, आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्रॅम रात्रभर चालवला की सकाळी कळतं. एकही चूक दिसली तर परत करायची, या बोलीवरच तिनं पैसे मोजले. सोळाची एक न घेता आठच्या दोन का? बादली एका नळाखाली भरायची की दोन, एवढाच फरक. ५६०० जी ला स्वतःची वेगळी मेमरी नाही, चित्रासाठीही तो हीच रॅम वापरतो. म्हणून त्याला दुसऱ्या नळाचा फायदा जास्त. या जुन्या रॅमचा वेग २६६६, नव्या घेतल्या असत्या तर ३२०० मिळाला असता. तेवढी तडजोड.

फायली साठवणारी एसएसडी नवीच, ५०० जीबीची. एम-टू म्हणजे पट्टीच्या आकाराची एसएसडी. अशा दोन शेजारी ठेवल्या तर जुळ्या वाटतात, पण साटा या जुन्या पद्धतीची सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते आणि एनव्हीएमई या नव्या पद्धतीची तिच्या कितीतरी पुढे जाते. भावात फार अंतर नव्हतं. पुढे.

[पुन्हा पहिलं दुकान. दाजींच्या हातातला डबा, अगदी जवळून.]

आता दाजींचा डबा. दुकानातली मंडळी त्याला एसएमपीएस म्हणतात. वर ठसठशीत लिहिलेलं, ४५० वॅट. वजन हा काही पुरावा नव्हे. हलका डबा चांगला असू शकतो आणि जड डब्यात नुसता पत्रा असू शकतो. पण दाजी वजनावर थांबले नाहीत. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बाजूचं बारीक छापलेलं लेबल वाचायला लागले. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, पंखे यांचा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टच्या लाइनवर असतो. त्या रकान्यात आकडा होता १८ अँपिअर. खिशातल्या चहाच्या पावतीमागे त्यांनी लिहिलं, बारा गुणिले अठरा. दोनशे सोळा.

"उरलेले कुठं गेले?"

दुकानदाराचं हसू थांबलं. पोऱ्याकडे वळून तो कन्नडमध्ये काहीतरी बोलला आणि मागच्या फळीवरून दुसरा डबा खाली आला. त्यावरही ४५० वॅट. १२ व्होल्टपुढे ३७ अँपिअर. गुणाकार ४४४. दाजींनी आता स्वतःच कन्नडमध्ये विचारलं, "वॉरंटी एष्टु वर्ष?" आणि उत्तर आल्यावर मान हलवली. काचेचं कॅबिनेट, दिव्यांचे पंखे बाद. त्याचे पैसे या डब्यात गेले.

खरं तर २१६ वॅटवरही भाचीची मशीन चालली असती. पूर्ण भार आला तरी ती मॉनिटर धरून दीडशेच्या आतच राहते. पण जो डबा आपल्या ताकदीबद्दल खोटं सांगतो, तो विजेचा दाब वरखाली झाल्यावर काय करेल याचा भरवसा कोण देणार? तो जाताना एकटा जात नाही. मदरबोर्ड घेऊन जातो.

[अनगोळचं घर. माडीवरची खोली. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर सगळे भाग.]

जोडायला चार तास लागले. प्रोसेसरला खाली १३३१ पिना, एक वाकली तरी खेळ खलास. म्हणून ताईनं पंखा बंद केला आणि आम्हाला श्वास हळू घ्यायला सांगितलं. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. भाचीनं मशीन बंद करून वायर काढली, रॅम उपसून पुन्हा दाबून बसवली, तशी खटक् आवाज झाला. पहिल्या वेळी तो झालाच नव्हता, हे चित्रणात स्पष्ट ऐकू येतं.

मशीन सुरू झाली. कौतुकानं ताईनं कॅबिनेटवर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. "अगं बाई, झिणझिण्या!"

हे आमच्याकडे घरोघरी चालतं. लोक पायाखाली पाट घेतात, चपला घालून बसतात, सवय करून घेतात. कारण साधं आहे. पॉवर सप्लायच्या तोंडाशी असलेले छोटे कपॅसिटर थोडीशी वीज अर्थिंगकडे सोडत असतात. भिंतीत अर्थिंगच नसेल तर ती कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन थांबते, २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाबानं. प्रवाह अगदी किरकोळ, म्हणून मुंग्यांवर भागतं. पण ज्या वाटेनं ही वीज जमिनीत जायला हवी ती वाटच नाही, आणि एखादी मोठी चूक झाली तर तीही पत्र्यावरच येणार.

वायरमन आला. फेज आणि अर्थिंगच्या मध्ये त्यानं दिवा धरला. लागला नाही. सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती! नुसतं भोक. दाजींच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हापासून.

दोन दिवसांनी परसात तुळशीवृंदावनाच्या पलीकडे लाल मातीत अर्थिंगचा खड्डा झाला. पाइप, कोळसा, मीठ. ४० हजारांत हा खर्च कुणीच धरला नव्हता. साडेचारशे वॅटचा हिशेब मांडणाऱ्या दाजींनीसुद्धा नाही. यूपीएस पुढच्या भिशीवर गेला. तोवर वीज गेली की जोडलेलं काम जातं, म्हणून भाची दर पाच मिनिटांनी सेव्ह करते. आणि वळवाचे ढग आले की सरळ पिनच काढते.

[पडद्यावर: कीबोर्डवरची बोटं.]

मशीन चालवणारी लिनक्स ही सिस्टीम फुकटची. त्यात तिनं इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची एकसारखी कळांची मांडणी लावली, मराठीची आणि कन्नडची. क ची कळ तीच, ग ची तीच, ल ची तीच. कन्नडातले ऱ्हस्व ए-ओ असे थोडे स्वर सोडले तर बोटांना नवीन शिकायचं काही नाही. चित्ररथाच्या व्हिडिओवर गल्लीचं नाव दोन्ही लिप्यांत टाकताना तिनं कीबोर्डकडे पाहिलंही नाही. दाजी मागे उभे होते. "आतलं काय दिसत न्हाई की गं," ते म्हणाले, "काचेचंच घेतलं असतं तर बरं झालं असतं काय?"

भाचीनं मागे वळून नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

[सकाळ. परस. ताईच्या हातात तांब्या.]

खड्ड्यातली माती उन्हाळ्यात कोरडी पडू द्यायची नाही, असं वायरमन सांगून गेलाय. ताई तुळशीला पाणी घालते, दोन पावलं पुढे जाते आणि तांब्यात उरलेलं तिथं ओतते.