खेळण्यांचं रिपेंट: कारखान्यात राहिलेलं काम आपण पूर्ण करूया

नमस्कार मंडळी!

(फिगर कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरून)

हिच्या कमरेच्या पट्ट्याकडे जरा नीट बघा. बक्कल आहे. बक्कलच्या चारही कोपऱ्यांत बारीक खिळे आहेत. बाजूला लटकवलेल्या पाकिटाच्या कडेने शिवण घातलेली दिसतेय, एकेक टाका मोजता येईल इतकी स्पष्ट. हे सगळं कुणीतरी मन लावून कोरलंय. आणि रंग? पट्टा, बक्कल, पाकीट, शिवण, सगळं एकाच तपकिरी प्लॅस्टिकमध्ये. म्हणून दुकानातल्या फळीवर हा पट्टा आपल्याला दिसतही नाही.

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. कारखान्यात खेळण्यावर रंग चढवतात तो मुख्यतः दोन पद्धतींनी. एक, स्प्रे मास्क. भागावर घट्ट बसेल असा मास्क लावायचा आणि जेवढं उघडं राहील तेवढ्यावर फवारा मारायचा. दुसरी पद्धत पॅड प्रिंटिंगची, हिला टॅम्पो असंही म्हणतात. कोरलेल्या प्लेटवरची शाई सिलिकॉनच्या मऊ पॅडने उचलायची आणि खेळण्यावर दाबायची. डोळे, भुवया, छातीवरची चिन्हं अशीच येतात. आता यात प्रत्येक रंग म्हणजे वेगळी पायरी, वेगळा मास्क, वेगळा खर्च. एका फिगरमागे किती पायऱ्या परवडतात ते आधीच ठरलेलं असतं. ती मर्यादा संपली की पुढचं सगळं प्लॅस्टिकच्या मूळ रंगात सोडून देतात. कोरीवकाम मात्र साच्यात एकदा उतरलं की प्रत्येक नगावर आपोआप येतं.

म्हणून रिपेंटकडे, म्हणजे खेळणं पुन्हा रंगवण्याकडे, मी एका ठरावीक नजरेने बघते. खेळणं बदलायचं हे नंतर. आधी त्याच्यावर काय काय कोरलेलं आहे ते शोधायचं, आणि रंगाने ते वर आणायचं. ज्या शिल्पकाराने ते पाकीट शिवलं, त्याचं राहिलेलं काम आपण पूर्ण करतोय. खेळणं हातात घेऊन दिव्याखाली फिरवत बसा, ब्रश नंतर उचला.

हा छंद काही आजचा नाही. हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली जी.आय. जो हा खेळण्यातला सैनिक बाजारात आणला. बारा इंची. मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने त्याला अ‍ॅक्शन फिगर असं नाव दिलं. १९८२ साली तोच जो पावणेचार इंची होऊन परत आला, आणि त्याची बांधणी कस्टम करणाऱ्यांच्या, म्हणजे खेळणं आपल्या मनाप्रमाणे बदलून घेणाऱ्यांच्या, पथ्यावर पडली. पाठीत एक स्क्रू, आत कंबर धरून ठेवणारं रबराचं रिंग. स्क्रू काढला की धड, हात, कंबर, पाय सगळं सुटं. एकाचं धड, दुसऱ्याचे हात, तिसऱ्याचे पाय जोडून स्वतःचं पात्र तयार! आपण आज याला किटबॅश म्हणतो.

बाहुल्यांच्या बाजूला तर एक गोष्ट मला फार आवडते. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात राहणाऱ्या सोनिया सिंग यांनी टाकून दिलेल्या ब्रॅट्झ बाहुल्या गोळा केल्या, त्यांचा भडक मेकअप पुसला आणि साधे, खेळकर, खऱ्या मुलींसारखे चेहरे रंगवले. कपडे त्यांच्या आईने विणले. २०१५ साली या बाहुल्या ट्री चेंज डॉल्स या नावाने जगभर पोचल्या. बाहुली तीच, प्लॅस्टिक तेच. चेहऱ्यावरचे काही मिलिमीटर बदलले आणि बाहुलीचं वय आणि स्वभाव दोन्ही बदलले.

आता कामाला लागू. पहिली फिगर निवडताना जुनी, सुटी, एखादा भाग तुटलेली घ्या. सीलबंद डब्यातली, संग्रहातली नको. ती रंगवली की संग्राहकांच्या लेखी तिची किंमत उतरते.

यानंतरचा भाग लोक घाईने उरकतात, मी मात्र इथे थांबणार आहे. तुमच्या हातात नेमकं कुठलं प्लॅस्टिक आहे?

एकाच फिगरमध्ये तीन-चार प्रकारची प्लॅस्टिकं असतात. छाती, मांड्या असे कडक भाग बहुतेक वेळा एबीएसचे. केस, डोकं, झगा असे मऊ भाग पीव्हीसीचे. सांध्यातल्या खुंट्या बऱ्याचदा नायलॉन किंवा अ‍ॅसिटल नावाच्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या, त्यावर रंग धरत नाही. आणि काही स्वस्त खेळणी पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची, हाताला मेणचट लागतात. यांच्यावरचा रंग नखाने सोलून निघतो. ओळखायची सोपी परीक्षा सांगते. एखादा भरीव सुटा तुकडा साध्या पाण्यात टाका. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगतात. एबीएस आणि पीव्हीसी बुडतात. पोकळ भागावर ही परीक्षा चालत नाही, आत हवा असते. तुकडा तरंगला, तर अशा प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा थर, लागेल. तो नसेल तर दुसरं खेळणं घ्या, उगाच झगडू नका.

पीव्हीसीचं आणखी एक आहे. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेला असतो. हा हळूहळू पृष्ठभागावर येतो. सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारं रसायन, असलेला काही स्प्रे किंवा एनॅमल रंग याच्याशी भिडला की वाळतच नाही, आठवडे गेले तरी बोटाला चिकटतो. उपाय एकच. जो प्रायमर, जो स्प्रे वापरणार असाल, तो आधी पायाच्या तळव्यावर किंवा पाठीच्या आतल्या बाजूला मारून बघा आणि दोन दिवस थांबा. पाण्याने पातळ होणारे अ‍ॅक्रिलिक रंग सगळ्यात कमी त्रास देतात, सुरुवात त्यांनीच करा.

मग आंघोळ! साच्यातून सहज सुटावं म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश खेळण्यावर राहिलेला असतो, शिवाय आपल्या हातांचं तेल. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश. खाचांमध्ये नीट घासा, पूर्ण वाळू द्या.

जुना रंग काढायचा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. अ‍ॅसिटोनपासून सांभाळा. एबीएससारखं कडक प्लॅस्टिक अ‍ॅसिटोनने विरघळतं, आणि पारदर्शक भागांना तडे जातात. मऊ व्हिनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्याच, बाहुलीच्या डोक्यावर नेलपेंट रिमूव्हर वापरतात, पण तेही काडीला लावून, थोडं थोडं, आणि लगेच धुऊन टाकायचं.

डोकं किंवा हात बदलायचा असेल तर गार असताना ओढू नका, खुंटी आतच तुटते. कढत पाण्यात एक-दोन मिनिटं धरा किंवा हेअर ड्रायर फिरवा. पीव्हीसी मऊ पडतं, भाग अलगद निघतो. वाकडी झालेली तलवारही अशीच सरळ होते. गरम करा, सरळ धरा, गार पाण्यात बुडवा.

(गुडघा वाकवून दाखवत)

सांधे. हलणाऱ्या फिगरची खरी कसोटी इथे लागते. दोन भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की रंगाच्या थरालाही तिथे जागा नसते. गुडघा दोनदा वाकवला की रंगाचे पोपडे निघतात आणि खालचं प्लॅस्टिक डोकावतं. म्हणून सांध्याचा जो भाग घासला जातो, तो आधी बारीक पॉलिश पेपरने ओला करून थोडा उतरवायचा, तेवढीच जागा होते. त्याहून शहाणपणाचं म्हणजे हवा तो रंग मूळ प्लॅस्टिकचाच असलेला भाग शोधायचा. काळी पँट हवी तर काळ्या प्लॅस्टिकचे पाय घ्या. घासलं गेलं तरी खाली काळंच. नायलॉनचे भाग सिंथेटिक कापडाच्या डायमध्ये रंगवताही येतात. डाय प्लॅस्टिकमध्ये मुरतो, त्याचा थर नसतोच. फक्त त्यासाठी वेगळं भांडं ठेवा, ते पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही.

प्रायमरचा पातळ फवारा द्या आणि मग रंग. रंग पाण्याने इतका पातळ करा की दुधासारखा वाहील. एक जाड थर दिला तर कोरीवकाम बुजतं, आणि आपण तर ते उठवायला बसलोय. दोन-तीन पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. पहिला थर ठिगळासारखा दिसेल. दिसू द्या.

त्यानंतर वॉश. गडद रंग अगदी पाणीदार करून ब्रशने सोडायचा, तो आपोआप खाचांत उतरतो. वरचा पुसून घ्यायचा. त्वचेला आणि सोनेरी रंगाला लालसर तपकिरी वॉश शोभतो, पोलादी राखाडीला निळसर काळा. त्वचेवर निव्वळ काळा कधीच नको, चेहरा मळकट दिसतो. मग ड्रायब्रश. ब्रशला फिकट रंग लावून जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. कडा उजळतात. मघाशी दाखवलेल्या पाकिटाची शिवण या दोन पायऱ्यांनीच दिसायला लागते, टाके वेगळे रंगवावेही लागत नाहीत.

आता डोळे. यांच्याबद्दल मी कितीही वेळ बोलू शकते.

हिशोब करून बघा. माणसाचा डोळा साधारण तीस मिलिमीटर रुंद. सहा इंची फिगर म्हणजे १:१२ प्रमाण. तिचा डोळा अडीच मिलिमीटरचा. यात पांढरा भाग, बुबुळ, पापणी, चमक, सगळं बसवायचंय. यासाठी चार केसांचा सगळ्यात बारीक ब्रश घ्यायचा मोह होतो. नका घेऊ. त्यात रंग मावत नाही, टोकावरच वाळतो. शून्य किंवा एक नंबरचा, पण टोक सुईसारखं जुळणारा ब्रश घ्या.

डोळे त्वचेच्या शेवटच्या थराआधी करा, म्हणजे बाहेर गेलेला रंग त्वचेच्या रंगाने झाकता येतो. आधी पूर्ण खाच लालसर तपकिरी रंगाने भरा. त्यावर डोळ्याचा पांढरा भाग, पण निव्वळ पांढरा नको, किंचित राखाडी किंवा सायीसारखा घ्या. वरच्या कडेला तपकिरीची बारीक रेघ सोडा, हीच पापणी. मग बुबुळ. ते वरच्या पापणीला चिकटलेलं हवं, तिच्याखाली थोडं लपलेलंच. बुबुळाच्या चारही बाजूंनी पांढरं दिसलं की चेहरा दचकलेला दिसतो. दोन्ही बुबुळं समोर बघणारी काढायची तर रेसभर फरकही तिरळा दिसतो. नजर किंचित बाजूला वळवली तर ते काम सोपं होतं आणि चेहऱ्यात जीवही येतो. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी फिगर उलटी धरा, हाताला कोन सोयीचा मिळतो आणि नजर फक्त आकार बघते. शेवटी चमकेचा एक ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, कारण प्रकाश एकीकडूनच येतो.

मोठ्या बाहुल्यांच्या चेहऱ्याची रीत वेगळी आहे. तिथे सॉफ्ट पेस्टल खरवडून त्याची पूड मऊ ब्रशने चोळतात, आणि भुवया, पापण्या वॉटरकलर पेन्सिलने काढतात. गुळगुळीत व्हिनाइलवर पूड टिकत नाही, म्हणून आधी मॅट सीलरचा, म्हणजे पूड धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा, फवारा, मग पूड, मग पुन्हा सीलर, असे थर चढतात. गालावरची लाली तीन-चार थरांत आली की आतून आल्यासारखी वाटते.

सगळं झालं की मॅट वार्निश. वीस ते तीस सेंटिमीटरवरून, हात चालता ठेवून. दमट हवेत मारू नका, वार्निशवर पांढुरकी झाक येते. मग बूट, ओठ आणि डोळ्यांवर तेवढं ग्लॉस वार्निश ब्रशने लावा. अ‍ॅक्रिलिक हाताला काही मिनिटांत वाळलेलं लागतं, पण पक्कं व्हायला दिवस तरी लागतो. सांधे त्याआधी हलवू नका.

काळजीचं बोलते, आणि हे अगदी मनापासून. एन-९५ मास्क धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. स्प्रे मारताना वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि मोकळी हवा. प्लॅस्टिक नेहमी ओलं करूनच घासा. जुन्या, विशेषतः धातूच्या खेळण्यांचा रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत रंगातल्या शिशावर १९७८ साली दशलक्ष भागांत ६०० भागांची मर्यादा आली, २००९ पासून ती ९० भाग आहे. त्याआधीच्या खेळण्यांचा भरवसा धरू नका. आणि रंगवलेली फिगर वस्तू तोंडात घालणाऱ्या लहान मुलाच्या हातात द्यायची नाही, रंग कितीही सुरक्षित म्हणून विकलेला असो.

(फिगर उलटी करून तळवा दाखवत)

शेवटचं काम इथे, तळव्यावर. बारीक ब्रशने तुमची अक्षरं आणि साल लिहा. फिगर उद्या दुसऱ्याच्या हातात गेली तर हा रंग कारखान्याचा नाही, हे त्याला कळलं पाहिजे. विकताना तर कस्टम आहे असं स्पष्ट सांगायचंच.

पुढच्या व्हिडिओत इपॉक्सी पुट्टी घेऊ. दोन भाग मळून हिला नवे केस आणि झगा घडवायचाय. तोवर एखादी जुनी फिगर शोधा, धुऊन वाळवून ठेवा, आणि तिच्यावर न रंगवलेलं काय काय कोरलंय त्याची यादी करा. भेटू!