भडकल दरवाजा : तटबंदीच्या आधीची वेस

श्रोतेहो, आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतल्या, भडकल दरवाजावरून आपण सगळे कितीदा तरी गेलो असू. पुढच्या वेळी जाल तेव्हा दोन मिनिटं थांबा आणि एकच गोष्ट पाहा. दिल्ली दरवाजाला दोन्ही अंगांनी बुरूज आहेत. खाम नदीवरच्या पुलाशी असलेला मकाई दरवाजाही तसाच, पहाऱ्यासाठी बांधलेला. भडकलची घडण वेगळी आहे. भलीमोठी टोकदार कमान, बाजूंना लहान कमानी, आत शिरलं की डोक्यावर घुमट. शत्रूला अडवावं असं या वास्तूच्या मनातच नाही. ती येणाऱ्याला आत बोलावते.

असं का? याचं उत्तर सालांमध्ये आहे. आज जिचे अवशेष दिसतात ती शहराची तटबंदी औरंगजेबाने 1682मध्ये, मराठ्यांच्या हल्ल्यांच्या धास्तीने उभारली. भडकल दरवाजा 1612चा, म्हणजे त्या तटाहून सत्तर वर्षांनी मोठा. आपण 'बावन्न दरवाजांचं शहर' म्हणतो आणि सगळ्या वेशी एका माळेत ओवतो. मला ते पटत नाही. भडकल त्या माळेतला मणी नव्हे. तो विजयाचा दरवाजा आहे.

विजय कुणाचा? मलिक अंबरचा. हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे दख्खनला आला तेव्हा त्याला विकत घेतलं अहमदनगरच्या निजामशाहीच्या पेशव्याने, चंगेजखानाने. तो चंगेजखानही हबशीच. 1600मध्ये अहमदनगर मुघलांच्या हाती पडलं आणि निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं. अंबरने मात्र दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवलं आणि वारलेल्या राज्यात पुन्हा प्राण फुंकला. 1610च्या सुमारास खडकी हे गाव त्याने राजधानीसाठी निवडलं. तेच आपलं शहर.

पुढे जहांगीरने दोन बाजूंनी फौजा सोडल्या. अब्दुल्लाखान गुजरातेतून निघाला, दुसरी फौज वऱ्हाडातून येणार होती. दोघांनी मिळून अंबरला कोंडीत धरायचं असा बेत. पण अब्दुल्लाखान दुसऱ्या फौजेची वाट न पाहता पुढे घुसला. अंबरने समोरासमोर लढाई दिलीच नाही. त्याचे हलके घोडदळ, ज्यात मराठे मोठ्या संख्येने होते, रात्रंदिवस फौजेच्या कडेकडेने फिरलं, रसद तोडत राहिलं, मागे राहणाऱ्यांना कापत राहिलं. अब्दुल्लाखानाला बागलाणच्या वाटेने गुजरातेत परतावं लागलं. बर्गीगिरी, म्हणजे गनिमी कावा, म्हणतात ती हीच. पुढच्या पिढ्यांनी ती कुठवर नेली, हे इथे सांगायला नको.

दरवाजाच्या जवळच नौखंडा आहे, अंबरचा 1616चा वाडा. त्याच्या आवारात आज मुलींचं महाविद्यालय भरतं. जुन्या वाड्याचं आयुष्य असं पुढे चालू राहिलेलं मला आवडतं. त्याच 1616 साली मुघल सरदार शाहनवाजखानाने खडकी जाळून उद्ध्वस्त केली. विजयाचा दरवाजा बांधून पुरती चार वर्षं झाली होती. अंबरने शहर पुन्हा उभं केलं. किल्ले अर्कजवळची जामा मशीद त्यानेच सुरू केली. पुढे औरंगजेबाने ती वाढवली.

पण मला विचाराल तर अंबरचं सर्वांत मोठं काम डोळ्यांना दिसतच नाही. ते जमिनीखाली आहे. नहर-ए-अंबरी! उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी बंदिस्त नळांमधून, निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही. वाटेत ठिकठिकाणी उभी तोंडं ठेवली. त्यातून हवा खेळायची आणि माणूस आत उतरून गाळ काढायचा. कमी पावसाच्या मुलखात राजधानी करायची तर आधी पाणी आणावं लागतं, हे त्याने ओळखलं होतं. पुढच्या नहरी त्याच युक्तीवर बांधल्या गेल्या. पाणचक्कीवर भिंतीतून कोसळणारं पाणी आपण मुलांना दाखवतो ना, तेही डोंगरातून नळांनीच येतं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी त्या पाण्यावर दळण दळलं जाई. या नहरींची तोंडं रस्ते आणि इमारतींखाली बुजत चालली आहेत, आणि त्याचं मला दरवाजाच्या ढासळलेल्या चुन्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. चुना पुन्हा लावता येतो.

भडकलपाशी आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. 14 एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. बाजारात विकल्या गेलेल्या माणसाने बांधलेल्या वेशीशी ही गर्दी जमते, तेव्हा मी तिथे जाऊन उभा राहतो.

जहांगीरला अंबर कधीच हाती लागला नाही. शेवटी त्याने चित्र काढून घेतलं. अबुल हसनने रंगवलेल्या त्या चित्रात भाल्यावर अंबरचं शिर आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. अंबर 1626मध्ये म्हातारपणी वारला. खुलदाबादला त्याची घुमटाची कबर आहे. जहांगीरचा नातू औरंगजेब, ज्याने 1653मध्ये या शहराला आपलं नाव दिलं, तोही त्याच खुलदाबादेत, उघड्या आभाळाखाली पुरलेला आहे. दोन्ही कबरी एका सकाळीत पाहून होतात. फक्त निघताना भडकलच्या कमानीखालून जा.